उसना उजेड

दुपारी चारच्या सुमाराला आमच्या स्वयंपाकघरात ऊन येतं. खिडकी पूर्वेची, म्हणजे ते ऊन आमचं नव्हेच. समोरच्या इमारतीत वरच्या मजल्यावर कुणीतरी काच अर्धी सरकवून ठेवतं, तिच्यावर आपटून ते आमच्याकडे येतं. दहाएक मिनिटं टेकतं आणि जातं. काल नेमकं मिसळणाच्या उघड्या डब्यात पडलं. हळदीची वाटी आतून पेटल्यासारखी दिसायला लागली आणि मोहरीच्या दाण्यादाण्याला सावली फुटली. मी फोन आणायला धावले. चहा उतू गेला तो गेलाच.

फ्लॅश मला सहन होत नाही. माणूस चोरी करताना पकडल्यासारखा दिसतो त्यात. त्यापेक्षा खिडकीशी बसवावं, सावलीच्या बाजूला कुणाला तरी पांढरी चादर धरून उभं करावं. घरचे वैतागतात. ‘पोळी गार होतेय, आता फोटो पुरे’ हे वाक्य आमच्याकडे रोजचं आहे. फोनही शहाणा झालाय, अंधार दिसला की स्वतःच उजळून टाकतो. मग उजेडाच्या ठिपक्यावर बोट टेकवून तो चिमुकला सूर्य खाली ओढावा लागतो, तेव्हा कुठे काळोख परत मिळतो.

काळोख खरा सावंतवाडीकडच्या आजोळचा. माजघरात भरदुपारी चाचपडावं लागायचं. छपरात एकच काचेचं कौल होतं. त्याच्या खाली आजी तांदूळ निवडायला बसायची आणि ऊन सरकेल तसा पाट सरकवायची. पार भिंतीपर्यंत पोचली की उठायची. बाकी कौलांच्या फटींतून यायचे ते कवडसे. फट वाकडीतिकडी असली तरी कवडसा गोलच कसा, हे मला फार दिवस कळलं नव्हतं.

ते कळलं १६ फेब्रुवारी १९८० ला. खग्रास ग्रहणाचा पट्टा कारवारवरून गेला, आमच्याकडेही सूर्याची जेमतेम कोर उरली म्हणे. ‘म्हणे’ अशासाठी, की आजीने आम्हां पोरांना दारं-खिडक्या लावून माजघरात कोंडलं होतं. खाणं बंद, चिरणं बंद. ती स्वतः माळ ओढत बसलेली. आणि सारवलेल्या जमिनीवरचे कवडसे एका बाजूने खाल्ले जायला लागले. बघता बघता सगळ्यांच्या कोरी झाल्या. पाटावर, उखळावर, धाकट्या मावसभावाच्या उघड्या पाठीवर, जिथे तिथे कापलेल्या नखांसारखे सूर्य. म्हणजे ती गोल टिकली फटीची नव्हेच, सूर्याचंच चित्र होतं. ज्याच्यापासून लपायला दारं लावली, तेच ग्रहण डझनावारी घरात येऊन पडलं होतं.

मामाने क्लिक थ्री कॅमेरा काढला. त्यात उजेडासाठी निवड एवढीच, एक सूर्याची खूण आणि एक ढगाची. तो बराच वेळ विचारात पडला. शेवटी ढगावर ठेवून, श्वास रोखून त्याने आजीच्या हाताचा फोटो घेतला. माळेवर एक कोर आली होती.

‘ग्रहणाचो फोटो कोण काढता रे?’ आजीने डोळे न उघडता विचारलं.

फिल्म १२ फोटोंची. ती संपून धुऊन यायला गणपती उजाडले. फोटो काळाकुट्ट आला. हात नाही, माळ नाही, फक्त मधोमध एक बारीक पांढरा चरा. स्टुडिओवाला म्हणाला, फिल्मवर ओरखडा आहे, याचे पैसे देऊ नका. मामाने हट्टाने पैसे दिले, अल्बमात पहिल्या पानावर तो चिकटवला आणि खाली शाईने लिहिलं : ‘ग्रहण. आई.’ येणारे-जाणारे पान उलटून पुढे जायचे.

परवा मी त्या फोटोचा फोटो काढून आणला, फोनवर मोठा करकरून पाहिला. ओरखडाच असावा. पण जरासा वाकलेला आहे खरा.