माढ्याचा विठ्ठल आणि रा. चिं. ढेरे

आमच्या घरातली माणसे कित्येक पिढ्या सोलापूरहून पंढरपूरला पायी जात आली आहेत. त्यामुळे विठ्ठल मुळात कोण होता, असा प्रश्न विचारता येतो हेच मला एम.ए.ला जाईपर्यंत सुचले नव्हते. तो प्रश्न डॉ. रामचंद्र चिंतामण ढेरे यांच्या 'श्रीविठ्ठल : एक महासमन्वय' या ग्रंथाने माझ्यासमोर ठेवला. १९८४ साली निघालेल्या या ग्रंथाला १९८७चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. वाचनालयातून आणलेली त्याची प्रत मी तीनदा मुदत वाढवून घेतली आणि तरीही जड मनाने परत केली.

मावळातल्या निगडे गावी १९३० साली जन्मलेल्या ढेऱ्यांचे आईवडील लहानपणीच गेले. पुढे पुण्यात गरिबीशी झगडत ते शिकले आणि शंभराहून अधिक ग्रंथ लिहून १ जुलै २०१६ रोजी गेले. नाथ संप्रदाय, दत्त संप्रदाय, खंडोबा, लज्जागौरी, तुळजाभवानी हे त्यांचे विषय पाहिले तरी त्यांच्या कामाचा आवाका लक्षात येतो. पण मी इथे विठ्ठलापुरतेच लिहिणार आहे, कारण तो आमच्या जिल्ह्याचा प्रश्न आहे.

पंढरीचा देव मुळात गवळी-धनगरांचा, गोधन राखणाऱ्यांचा देव होता आणि पुढे त्याचे वैष्णवीकरण होत गेले, हे ढेऱ्यांचे मुख्य प्रतिपादन आहे. संतांनी त्याला 'कानडा' का म्हटले, रुक्मिणी वेगळ्या मंदिरात रुसून का बसली आहे, तिरुपतीच्या व्यंकटेशाशी त्याचे इतके साम्य का, या प्रश्नांची उत्तरे शोधताना ते संस्कृत माहात्म्यग्रंथ, शिलालेख, मूर्तिशास्त्र आणि धनगरांच्या ओव्या एकाच पंक्तीला बसवतात. माझ्या मते त्यांचे सर्वांत मोठे ऋण याच पद्धतीचे आहे. पोथीतला श्लोक हा पुरावा आणि मेंढपाळाच्या तोंडची कथा ही नुसती गंमत, असा भेद आमच्या अभ्यासात सर्रास होत असे. मीही तो केला आहे.

त्यांच्या विवेचनातील आमच्याच जिल्ह्यातल्या माढा गावच्या विठ्ठलाचा भाग सर्वाधिक वादग्रस्त ठरला. पांडुरंगमाहात्म्यात वर्णिलेल्या मूर्तीच्या छातीवर मंत्राक्षरे आहेत. पंढरपूरच्या आजच्या मूर्तीवर ती नाहीत, माढ्याच्या मूर्तीवर आहेत. अफजलखानाच्या स्वारीच्या वेळी देव माढ्याला हलवल्याची परंपरा जोडून घेत, मूळ मूर्ती माढ्याचीच असावी, असे त्यांनी मांडले. त्यावर मोठे वादळ उठले. मूर्तीचे मूळपण कोणाला पटो वा न पटो, भक्तीला धक्का न लावता असा प्रश्न इतक्या आदराने विचारता येतो, हे मला त्या पानांवर प्रथम दिसले.

मी माढ्याला गेलो तो एका साध्या बुधवारी. गाभाऱ्यात आम्ही दोघेच होतो. पुजाऱ्यांनी अभिषेकासाठी वस्त्रे उतरवली तेव्हा ओल्या काळ्या दगडावर, तुळशीची पाने सरकली तिथे, कोरलेल्या अक्षरांच्या ओळी दिसल्या. मला त्या वाचता आल्या नाहीत. "बघा नीट, घाई नाही," असे म्हणून ते समई जवळ धरून उभे राहिले.

ढेऱ्यांचा प्रभाव विद्यापीठांतून दूरवर गेला. या ग्रंथाचा अ‍ॅन फेल्डहाउस यांनी केलेला इंग्रजी अनुवाद २०११ साली ऑक्सफर्डने काढला आणि जगभरचे धर्माभ्यासक तो वाचतात. मला मात्र तो प्रभाव वर्गात अधिक जाणवतो. मंगळवेढा तालुक्यातल्या एका विद्यार्थिनीने संकोचत विचारले होते, "सर, आमच्यात विठोबा आन् बिरोबा भाऊभाऊ मानत्यात, हे लिहिलं तर चालंल का?" बिरोबा हा धनगरांचा देव. तिचे वडील दिवाळीत हुलजंतीच्या महालिंगरायाच्या जत्रेला जातात आणि ओव्या गातात. मी तिला ढेऱ्यांचे ते प्रकरण वाचायला दिले. पुढच्या आठवड्यात तिने वडिलांकडून उतरवून घेतलेली चाळीस पाने आणली. कुठली ओवी कुठे थांबून गायची, हेही तिने समासात पेन्सिलीने टिपले होते.