जवळ येऊन काढा की!

"तिकडून काय काढताय? जवळ येऊन काढा की!"

आज पहिल्यांदाच ग्रुपबरोबर फोटोवॉकला गेले होते. उंबऱ्यात बसून सुईत दोरा ओवणाऱ्या आजींवर रस्त्याच्या पलीकडून आम्हा सात-आठ जणांचे कॅमेरे रोखलेले, आणि आजींनी ही हाक दिली.

माझ्याकडे २०० मिमी लेन्स होती. लांबूनही सगळं दिसत होतं: कपाळावरच्या आठ्या, बोटांवर तिरपं पडलेलं कोवळं ऊन, दोऱ्याचं ओलं टोक. लेन्सचं छिद्र एफ ४ ला उघडं ठेवल्याने मागची भिंत छान धूसर झाली होती. वीसेक फ्रेम तरी घेतल्या असतील मी.

५० मिमी लेन्स लावून जवळ गेले. आजींनी सुई माझ्या हातात दिली. "आधी एवढा दोरा ओवून दे गं. कधीची बसलेय."

घरी येऊन ते फोटो क्रमाने बघितले. प्रत्येक फ्रेममध्ये दोरा नेढ्याच्या बाहेरच आहे. फोकस अगदी तिथेच, लख्ख. एक फ्रेम तर शंभर टक्के झूम करून शार्पनेस तिथल्या तिथे तपासली होती मी.

आम्हा सात-आठ जणांपैकी एकालाही ते कसं दिसलं नाही?