दोन बरण्या, एक चिठ्ठी

विभागाच्या संग्रहालयाची नोंदवही नव्याने लिहायला घेतली आणि दोन बरण्यांपाशी काम अडलं. दोन्हींवर एकच मजकूर: ‘होलोथुरिया, मंडपम, १९८७’. होलोथुरिया हे फक्त गटाचं नाव; जातीचं नाव नाही. नमुना टिकवण्यासाठी एका बरणीत फॉर्मलिन, दुसरीत स्पिरिट, म्हणजे अल्कोहोल. आत वीतभर लांबीच्या, तपकिरी पडलेल्या समुद्री काकड्या, म्हणजे समुद्रतळावर राहणारे काकडीच्या आकाराचे मऊ प्राणी.

तमिळनाडूतल्या मंडपमजवळ, मन्नारच्या आखातातल्या प्रवाळ खडकांवर काळ्या रंगाच्या दोन जाती सहज भेटतात. होलोथुरिया अट्रा या खडकांच्या सपाट, उथळ भागात वाळूवर उघडी पडून असते आणि अंगभर वाळू चिकटवून घेते. होलोथुरिया ल्युकोस्पिलोटा मागचा भाग दगडाखाली रोवून पुढचं अंग बाहेर लांबवते. प्राणी उघड्यावर होता की दगडाखाली, एवढे दोन शब्द चिठ्ठीवर असते तरी अर्धं काम झालं असतं. बरणीत रंग उतरतो, अंग आखडतं, वाळू गळून जाते. मग उरतात ते ऑसिकल, म्हणजे त्वचेतले चुन्याचे सूक्ष्म कण. त्यांचा आकार जातीनुसार ठरलेला असतो. अट्रामध्ये ‘टेबल’ (खांब असलेले कण) आणि ‘रोझेट’ (फुलासारखे कण) असतात, तर ल्युकोस्पिलोटामध्ये टेबलांच्या जोडीला ‘बटणं’ (भोकं असलेले लांबट-गोल कण).

पाठीकडून आणि पोटाकडून वरच्या त्वचेचा दोन-तीन मिलिमीटरचा तुकडा कापला. आधी तो डिस्टिल्ड वॉटरमध्ये नीट धुवायचा, कारण स्पिरिट किंवा फॉर्मलिन अंगात असताना ब्लीच घातलं तर नको ती रसायनं तयार होतात. मग स्लाइडवर ठेवून घरगुती ब्लीचचे दोन थेंब. दहा-पंधरा मिनिटांत मांस विरघळतं आणि तळाशी पांढरी धूळ बसते. ब्लीचवर ॲसिड कधीही टाकू नये. क्लोरीन सुटतो.

तृतीय वर्षाच्या विद्यार्थिनीने स्पिरिटवाल्या नमुन्याची स्लाइड लावली आणि म्हणाली, “मॅडम, बटणं आहेत. ल्युकोस्पिलोटाच!”

मी पाहिलं. चौकोनी, सरळ कडांचे, काचेसारखे तुकडे. पण खरं बटण लांबट-गोल असतं आणि त्यात जोडीजोडीने भोकं असतात. यांत एकही भोक नव्हतं. स्लाइडच्या कडेने पाण्याचा थेंब सोडला, तर पाहता पाहता चौकोन नाहीसे झाले. ऑसिकल पाण्यात विरघळत नाही. ते साधं मीठ होतं. ब्लीच वाळलं की मिठाचे स्फटिक उरतात. घाईत एकदाच धुतलं होतं, तेही नळाच्या पाण्याने, आणि त्या पाण्यातले क्षार वर आणखी बसले.

पुन्हा केलं. या वेळी धूळ तळाशी बसू द्यायची, वरचं पाणी ड्रॉपरने अलगद काढायचं, डिस्टिल्ड वॉटर घालायचं. असं पाच वेळा. शेवटी अल्कोहोल. चारशेपट मोठं करून पाहिलं तेव्हा चार खांबांची, वर दातेरी मुकुट असलेली टेबलं स्पष्ट दिसली आणि मध्ये फुलासारखी रोझेट. बटण एकही नाही. अट्रा! इतक्या वर्षांनीही टेबलाचा एकेक दात शाबूत होता, आणि बराच वेळ कुणी सूक्ष्मदर्शक सोडायला तयार नव्हतं.

फॉर्मलिनच्या बरणीत मात्र काहीच हाती लागलं नाही. ब्लीचनंतर तळ रिकामा. पीएच पट्टी ४ च्या आसपास गेली, म्हणजे द्रव आम्लधर्मी झालेला. फॉर्मलिन जुनं झालं की त्यात फॉर्मिक ॲसिड तयार होतं आणि ते चुना खातं. बोरॅक्स घालून ते उदासीन करायला हवं होतं; खरं तर समुद्री काकडी ७० टक्के अल्कोहोलमध्येच ठेवावी. पोट चिरून पाहिलं. ल्युकोस्पिलोटाकडे चिकट पांढऱ्या धाग्यांच्या कुव्हिएरियन नळ्या असतात, अट्राकडे नसतात. इथे नळ्या नव्हत्या, पण आतडंही नव्हतं. धसका बसलेली काकडी आतले अवयव बाहेर टाकते, म्हणून आधी मॅग्नेशियम क्लोराइडच्या पाण्यात तिला शिथिल करावं लागतं. तसं न करता थेट फॉर्मलिनमध्ये घातलेली असणार. तेव्हा नळ्या नाहीत याला पुरावा म्हणता येत नाही.

नवा नमुना आणून ही चूक भरून काढायचा सोपा मार्गही नाही. २००१ मध्ये सगळ्या समुद्री काकड्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत गेल्या.

संध्याकाळी स्पिरिट बदललं, झाकणाला व्हॅसलीन लावलं आणि चिठ्ठ्या पेन्सिलने लिहून बरणीच्या आत टाकल्या. एकीवर ‘होलोथुरिया अट्रा, ऑसिकलवरून ओळख’. दुसरीवर ‘होलोथुरिया, जात अनिश्चित, ऑसिकल विरघळलेले’.