बंद रेल्वेमार्गावर शिकलेला चढ

कामानिमित्त तेर्नीत राहायला आलो तेव्हा मी नियमित पळणारा होतो, पण सपाटीवरचा. सांगलीत चढ म्हणजे फार तर आयर्विन पुलाचा. तेर्नी हे मध्य इटलीतल्या उंब्रिया प्रांतातलं पोलादाचं शहर. शहरातून नेरा नदी वाहते, आणि नदीच्या उलट्या दिशेनं बाहेर पडलं की दोन्हीकडून डोंगर अंगावर येतात. या खोऱ्याचं नाव वालनेरिना. इटली म्हटलं की आपल्या लोकांना टस्कनीचे सरूच्या झाडांचे फोटो आठवतात, इकडे कोणी फिरकत नाही. पळणाऱ्यांच्या ते पथ्यावरच पडतं.

सुरुवात सोपी होती. आर्रोनेपासून फेरेंतिल्लोपर्यंत नदीकाठानं कच्चा रस्ता जातो, जवळजवळ सपाट. एका बाजूला पाणी, दुसऱ्या बाजूला मक्याची आणि भाजीची शेतं, मधूनच तराफे घेऊन निघालेली राफ्टिंगची पोरं. नेराला झऱ्यांचं पाणी, त्यामुळे ऑगस्टमध्येसुद्धा पाय बुडवले की पोटऱ्या बधिर होतात. त्याच पाण्यात ट्राउट मासे वाढतात. फेरेंतिल्लो नदीनं दोन भागांत कापलेलं गाव आहे, दोन्हीकडच्या डोंगरावर एकेक पडका किल्ला. तिथल्या चर्चच्या तळघरात नैसर्गिकरीत्या टिकलेली प्रेतं काचेआड मांडून ठेवली आहेत. मी एकदा पाहिली. पळायच्या आधी पाहू नयेत.

तेर्नीच्या बाजूला मार्मोरेचा धबधबा लागतो. उंची 165 मीटर, आणि तो माणसानं केलेला: ख्रिस्तपूर्व 271 मध्ये रोमनांनी वेलिनो नदीचं साचलेलं पाणी चर खणून कड्यावरून नेरामध्ये सोडलं. आता ते पाणी वीजनिर्मितीला जातं आणि धबधबा वेळापत्रकाप्रमाणे सोडतात. सोडण्याआधी भोंगा वाजतो. कडा कोरडा दिसतोय म्हणून निवांत पळत असताना तो भोंगा पहिल्यांदा ऐकला तेव्हा मला कारखान्याची पाळी सुटल्यासारखं वाटलं. थोड्याच वेळात सगळी दरी तुषारांनी भरून गेली आणि मी नखशिखांत ओला.

पण सपाट रस्त्यावर कितीही पळा, चढ येत नाही. या भागातली गावं टेकडीच्या माथ्यावर, आणि त्यांच्याकडे जाणाऱ्या जुन्या खेचरवाटा वळसे न घेता थेट वर चढतात. असल्या वाटेवर माझा दम पाचव्या मिनिटाला संपायचा. कारखान्यातल्या एका सहकाऱ्यानं सांगितलं, आधी रेल्वेवर पळ.

ही रेल्वे म्हणजे उंब्रियातल्याच स्पोलेतो ते नोर्चा या गावांमधली. 51 किलोमीटर, 950 मिलिमीटर रुंदीची अरुंद लाईन, 1926 मध्ये सुरू झाली आणि 1968 मध्ये बंद पडली. आखणी केली एर्विन टोमान या स्विस इंजिनियरनं, आणि ती पाहताना आल्प्सची आठवण लोकांना उगीच येत नाही. रूळ कधीच काढून नेले, आता त्यावरून सायकलवाले आणि पायी जाणारे जातात. स्पोलेतोहून लाईन डोंगर चढते, काप्रारेच्चाच्या सुमारे दोन किलोमीटर लांब बोगद्यातून पलीकडे निघते आणि नेराच्या खोऱ्यात उतरते. उतरताना ती डोंगरातच गोल वळसे घालते. बोगद्यातून बाहेर पडल्यावर वर पाहिलं तर आपण मघाशी ओलांडलेला पूल डोक्यावर, खाली पाहिलं तर अजून ओलांडायचा पूल पायाखाली.

माझ्या कामाची गोष्ट तिच्या चढात होती. चढावर गाडीला पकड देणारे दातेरी रूळ न वापरता ती चढवायची म्हणून चढ कुठेही हजारी 45 च्या वर नेलेला नाही, म्हणजे शंभर मीटरला जास्तीत जास्त साडेचार. तीव्र नाही, पण संपतही नाही. मोकळं मैदान नाही, अचानक उभी चढण नाही, उतारावर मिळणारी फुकटची विश्रांती नाही. अशा वाटेवर एकच वेग धरावा लागतो. सुरुवातीला जोर केला की तिसऱ्या किलोमीटरला हिशेब चुकता होतो. मी बोलता येईल इतक्याच वेगानं पळायला लागलो. पावलं लहान, नजर पुढच्या वळणावर, घड्याळ बाहीखाली. काही आठवड्यांनी लक्षात आलं की आपण चालत नाही आहोत. ट्रेडमिलवर असा चढ लावता येतो हे मला माहीत आहे, पण तिथे तासभर टिकणारा माणूस मी अजून पाहिलेला नाही.

बोगद्यात दिवे नाहीत. डोक्याला बांधायची विजेरी लागतेच, आणि सोबत एक जादा असलेली बरी. आत शिरताच थंडी मानेवर बसते, छतातून पाणी ठिबकतं, खाली खडी आणि डबकी. आपल्याच पावलांचा आवाज मागून कोणी येतंय असा ऐकू येतो. आईला फोनवर हे सांगितलं तर ती म्हणाली, "अरे, बाहेर एवढा उजेड असताना बोगद्यातनं कशाला पळतोस?" यावर माझ्याकडे आजही उत्तर नाही. घामेजलेल्या अंगानं आत जायचं असल्यानं उन्हाळ्यातही पातळ जाकीट कमरेला बांधून ठेवतो.

मध्येच एका शर्यतीत नाव द्यायची हुक्की आली, आणि तिथे कागद आडवा आला. इटलीत वेळ मोजून पळायच्या अधिकृत शर्यतीसाठी क्रीडावैद्यक डॉक्टरचा दाखला लागतो. 1982 च्या सरकारी आदेशानं तो बंधनकारक केला आहे आणि तो वर्षभर चालतो. लघवीची तपासणी, फुंकणीत जोरात फुंकून फुफ्फुसांची चाचणी, पडून ईसीजी आणि मग श्रमानंतरचा ईसीजी. शेवटच्यासाठी मला एका लाकडी पायरीसमोर उभं केलं, छातीला तारा चिकटवल्या आणि मेट्रोनोम लावला. टिक-टॉकच्या तालावर वर, खाली, वर, खाली. डॉक्टरीणबाई पूर्ण वेळ कागदाच्या पट्टीकडेच बघत होत्या, माझ्याकडे एकदाही नाही. चढाचा सराव इथे भलताच कामाला आला. मला हा प्रकार आधी नोकरशाहीचा वाटला होता. नंतर वाचलं की वेनेतो प्रांतात 1979 ते 2004 या काळात अशी तपासणी झालेल्या तरुण खेळाडूंमधलं अचानक हृदय बंद पडून मरण्याचं प्रमाण 89 टक्क्यांनी घटलं. आपल्याकडे ऑनलाइन फॉर्मवर 'मी तंदुरुस्त आहे' या चौकोनात टिक करून आपण बेचाळीस किलोमीटर पळायला उभे राहतो. मी स्वतः तसाच उभा राहिलेलो आहे.

रेल्वेवर जम बसल्यावर खेचरवाटांकडे वळलो, तेव्हा शिकारीचा हंगाम सुरू होता. सप्टेंबरच्या तिसऱ्या रविवारपासून जानेवारीअखेरपर्यंत इथल्या जंगलात बंदुका असतात, मुख्यतः रानडुकरांमागे. वाटेच्या तोंडाशी हाकारा चालू असल्याची पाटी दिसली की सरळ मागे फिरायचं, तिथे वाद नाही. मात्र 1992 च्या कायद्यानुसार मंगळवार आणि शुक्रवार हे देशभर शिकारबंदीचे वार. पाळीच्या नोकरीत माझी सुटी बऱ्याचदा आडवारी येते, तिचा असा उपयोग होईल असं कधी वाटलं नव्हतं. तरी भगवं-नारिंगी जाकीट घालूनच निघतो.

दुसरी गोष्ट कुत्र्यांची. मेंढ्यांबरोबर पांढरे, केसाळ, वासराएवढे मारेम्मानो कुत्रे असतात, लांडग्यांपासून कळप राखायला. मेंढपाळ जवळ असेलच असं नाही. त्यांच्यासमोर पळणं हा शुद्ध वेडेपणा. थांबायचं, हात खाली, डोळ्यांत न बघता कळपाला लांबून वळसा घालून चालत जायचं. कुत्रा भुंकत शंभरेक पावलं पोचवायला येतो आणि आपली हद्द संपली की परत जातो. या वळशात वेळ किती गेला ते मोजू नये.

चढ खरोखर जमला की नाही ते मी उंब्रियानोच्या वाटेवर ताडून पाहिलं. सान पिएत्रो इन वाल्ले हा आठव्या शतकातला मठ एका उतारावर, आणि समोरच्या उतारावर झाडीत बुडालेलं उंब्रियानो, पूर्ण ओसाड गाव. तिथवर दगडगोट्यांची वाट, मध्ये मध्ये इतकी उभी की हात गुडघ्यावर येतात. सगळी पळत नाही चढलो. तिथे कोणीच चढत नसावं. पण जिथे चाललो तिथे ठरवून चाललो, आणि वाट जरा सपाट झाली की पाय आपोआप पळायला लागले. वर घरांच्या भिंती उभ्या आहेत, छपरं नाहीत. आत न शिरलेलं बरं, दगड सुटलेले आहेत.

कोणाला जायचं असेल तर स्पोलेतो ते सांत'आनातोलिया दी नार्को हा वीसेक किलोमीटरचा तुकडा धरा. निघण्याआधी बोगदे खुले आहेत का ते स्पोलेतोत विचारा. पाणी सोबत घ्या, वरच्या भागात भरवशाचा नळ नाही. परतीच्या बसचं तिकीट आधीच बारमध्ये (इथे बार म्हणजे कॉफीचं दुकान) किंवा तंबाखूच्या दुकानात काढून ठेवा, आणि रविवारी बसच्या भरवशावर राहू नका. माझा नोर्चाकडचा शेवटचा भाग राहिला आहे. ऑक्टोबर 2016 चा 6.5 तीव्रतेचा भूकंप नोर्चाजवळच झाला, तेव्हा त्या भागात दरडी कोसळल्या होत्या. आता तिथला कुठला तुकडा खुला आहे ते विचारून ठेवायचंय, म्हणजे पुढची मंगळवारची सुटी वाया जायला नको.