ओळखीच्या शब्दांच्या मागावर : बँकॉकमधला एक दिवस

थाई लिपीत ‘सुवर्णभूमि’ हा शब्द जवळजवळ संस्कृतासारखाच लिहितात. शेवटची वेलांटीसुद्धा जागेवर असते. बोलताना मात्र ती गळून पडते, ‘र्ण’चा ‘न्न’ होतो आणि कानावर येते ‘सुवन्नफूम’. बँकॉकच्या विमानतळाचे हे नाव ऐकले, तेव्हाच मी ठरवले की माझ्या हाती असलेला एकुलता एक मोकळा दिवस दुकानांत घालवायचा नाही. ओळखीचे शब्द या शहरात कसे नांदतात, ते पाहत एकटीनेच हिंडायचे.

सकाळी साथोर्नच्या धक्क्यावरून नारिंगी झेंड्याची बोट पकडली. चाओ फ्राया नदीचे पाणी गढूळ आणि वेगवान होते, आणि कामावर निघालेल्या माणसांबरोबर दोन भगवे वस्त्रधारी भिक्षूही त्यांच्यासाठी राखलेल्या जागेत उभे होते. था चांगच्या धक्क्यावर उतरून राजवाड्याकडे निघाले, तर फाटकाच्या अलीकडे एका गृहस्थाने ‘आज राजवाडा बंद आहे’ असे सांगून दुसरीकडे नेण्याची तयारी दाखवली. त्याच्याकडे लक्ष न देता सरळ तिकीटखिडकीशी गेले. ती उघडीच होती. एकट्या प्रवाशाने एवढे ध्यानात ठेवावे, आणि गुडघे व खांदे झाकणारे कपडे घालून जावे.

ब्रह्मदेशी सैन्याने 1767 मध्ये अयुथ्या, म्हणजे सयामची (आजच्या थायलंडची) जुनी राजधानी ‘अयोध्या’, उद्ध्वस्त केली. पुढे 1782 मध्ये चक्री घराण्याच्या पहिल्या राजाने, ज्याला आज पहिला राम म्हणतात, नदीच्या पूर्वतीरावर ही नवी राजधानी वसवली. राजवाड्याच्या आवारातील पाचूच्या बुद्धाच्या मंदिराभोवती जी लांबलचक ओवरी आहे, तिच्या भिंतींवर थाई रामायण, म्हणजे ‘रामाकियन’, 178 चित्रांत रंगवलेले आहे. या चित्रांची डागडुजी पुन्हा पुन्हा झालेली आहे. तरी त्यांतले सोनेरी मुकुट, ढगांतून झेपावणारी वानरसेना आणि युद्धाच्या धुमश्चक्रीतही कोपऱ्यात स्वयंपाक करणारी साधी माणसे यांपुढून माझा पाय निघेना. बहुतेक पर्यटक ही ओवरी दहा मिनिटांत ओलांडतात. मी तिथे दोन तास होते.

रावणाला इथे ‘थोत्सकान’, म्हणजे दशकंठ, म्हणतात आणि त्याची कांती हिरवी असते. हनुमान पांढराशुभ्र आहे, पण तो ब्रह्मचारी नाही. सेतू बांधताना रावणाची कन्या सुवन्नमच्छा, म्हणजे सुवर्णमत्स्या, आपल्या माशांकरवी शिळा पळवते. तिला अडवायला हनुमान समुद्रात उडी घेतो, दोघांचे मन जुळते आणि त्यांना मच्छानू नावाचा मुलगा होतो. समर्थांनी गावोगावी स्थापलेल्या मारुतीपुढे भीमरूपी म्हणत वाढलेल्या मला हे पचायला क्षणभर जड गेले. पण पुढे हाच मच्छानू मैयरापच्या पाताळाच्या वाटेवर पहारा देतो आणि बापाशी लढतो, हे आठवले आणि एकदम लख्ख उलगडले की हा तर आपला मकरध्वज आणि तो मैयराप म्हणजे अहिरावण-महिरावणांतला महिरावण! आजीकडून ऐकलेली गोष्ट समुद्र ओलांडून इथे वेगळ्या वेषात उभी होती.

दुपारी ‘वाट फो’मध्ये 46 मीटर लांबीचा पहुडलेला बुद्ध पाहिला. त्याच्या तळपायांवर शिंपल्यांच्या जडावाने 108 मंगलचिन्हे कोरलेली आहेत, आणि मागच्या भिंतीशी मांडलेल्या 108 पात्रांत भाविक एकेक नाणे टाकतात, तेव्हा त्या किणकिणाटाने सारे दालन भरून जाते. ‘वाट’ म्हणजे मंदिर. हा शब्द संस्कृत ‘वाट’शी, म्हणजे कुंपणाने वेढलेल्या जागेशी, जोडला जातो, आणि आपले वाडा, वाडी त्याच मुळाचे. पलीकडच्या तीरावरचे ‘वाट अरुण’ मी धक्क्यावरूनच पाहिले.

जेवणासाठी ‘जे’ हा एक थाई शब्द पुरला. ‘जे’ अन्नात मांसमासे तर नसतातच, कांदा-लसूणही नसतो.

उन्हे कलल्यावर चालत सगळ्यांत आवडलेल्या जागी पोहोचले. चौकात सागवानाचा तांबडा, उंचच उंच झोपाळा उभा आहे. शेजारीच 1784 सालचे ‘देवस्थान’ आहे. शिव, गणेश आणि नारायण यांची मंदिरे असलेले, राजपुरोहित ब्राह्मणांचे. आतली दालने त्या वेळी बंद होती. पूर्वी इथे उत्सवात तरुण झोके घेत उंचावर बांधलेली नाण्यांची थैली दातांनी पकडत. 1935 नंतर ते बंद झाले. त्या उत्सवाचे नाव ‘त्रियम्पवाय’, म्हणजे तमिळ शिवभक्तांचे ‘तिरुवेम्पावै’. इथे आलेला भारत एकाच प्रांतातला नव्हता, हे त्या नावातच दिसते.

समोर महानगरपालिकेच्या इमारतीपुढे बँकॉकचे संपूर्ण, लांबलचक थाई नाव कोरलेले आहे. शाळेच्या गणवेशातली एक मुलगी तिथे थांबली होती. तिला खुणेने विनंती केली, तेव्हा तिने ते सलग म्हणून दाखवले. मी वहीत उतरवत गेले : ‘क्रुंग थेप महानखोन अमोन रत्तनकोसिन…’ मग त्याखाली देवनागरीत अमर, रत्न, महेंद्र, अयोध्या, नवरत्न, राजधानी असे एकेक मूळ लिहिले. शेवटच्या ‘वित्सनुकम प्रसित’शी अडखळले, आणि मग उमगले की हा विश्वकर्मा. मी तो शब्द मोठ्याने उच्चारला. त्या मुलीने हसून तो माझ्यामागून म्हटला, आणि मग तिच्या पद्धतीने माझ्याकडून तीनदा म्हणून घेतला.