तक्रार ऐकून मग आरती

आळंदीहून निघालेली माउलींची पालखी नीरा नदी ओलांडून आमच्या सातारा जिल्ह्यात येते. दत्तघाटावर पादुकांना नीरास्नान घालतात, आणि मग लोणंद, तरडगाव, फलटण, बरड असे मुक्काम करत पालखी धर्मपुरीजवळ सोलापूर जिल्ह्यात शिरते. मी चालले ती एवढीच वाट, लोणंद ते बरड. पंढरपूरला गेले नाही. मी ख्रिस्ती आहे, साताऱ्यात नर्स आहे आणि माझा घटस्फोट झालेला आहे.

आमच्या वॉर्डातल्या मावशी माळकरी. आषाढी जवळ आली की त्यांचा रजेचा अर्ज ठरलेला. यंदा म्हणाल्या, "सिस्टर, चला की. घरात बसून भिंतींशी किती बोलायचं?" मी म्हटलं, "मावशी, मी चर्चला जाणारी." तर म्हणाल्या, "मग? चालायला दोन पाय लागत्यात आन् भाकरी. भाकरी आमच्या दिंडीत हाय."

खरं तर साताऱ्याच्या ख्रिस्ती माणसाला टाळ-मृदंग परका नाही. १८९५ साली बाप्तिस्मा घेतलेले कवी नारायण वामन टिळक आयुष्याच्या शेवटच्या वर्षांत साताऱ्यातच राहत होते. तुकोबांच्या पुलावरून आपण ख्रिस्ताच्या पायांशी आलो, असं ते सांगत. त्यांची भजनं आम्ही लहानपणापासून पेटी-तबल्यावर म्हणत आलो. त्यामुळे दिंडीत अभंग सुरू झाला की माझे पाय आपोआप ठेक्यावर पडायचे. ओठांवर मात्र माझी प्रार्थना असायची, आणि तिथेच सगळं अडलेलं होतं.

येशूने शिकवलेल्या प्रभूच्या प्रार्थनेत एक ओळ आहे: "जसे आम्ही आपल्या ऋण्यांस ऋण सोडले आहे, तशी तू आमची ऋणे आम्हांस सोड." घटस्फोटानंतर ही ओळ माझ्या तोंडून निघेना. रविवारी चर्चमध्ये सगळी मंडळी एका सुरात म्हणायची. मी "आमची रोजची भाकर आज आम्हांला दे" पर्यंत यायची, गप्प व्हायची आणि "आम्हांला परीक्षेत आणू नकोस" पाशी पुन्हा सामील व्हायची. शेजारच्या बाईला कळत असेल का, ही भीती वेगळीच. देवासमोर खोटं बोलायचं नव्हतं, आणि खरं बोलायला तिथे जागा नव्हती.

कोर्टातलं काम त्या मानाने सोपं गेलं. ख्रिस्ती घटस्फोटाला १८६९ चा कायदा लागतो. २००१ पर्यंत त्यात परस्परसंमतीने घटस्फोट नव्हताच, आणि नवऱ्याचा व्यभिचार एवढंच कारण बायकोला पुरत नसे. जोडीला क्रूरता किंवा टाकून देणं असं आणखी काही सिद्ध करावं लागे. ते सगळं बदलल्यानंतरची मी. माझ्या आजीच्या पिढीतल्या किती बायका त्या जुन्या कलमांत अडकून राहिल्या असतील, हा विचार आजही मला अस्वस्थ करतो.

मंडळीतले लोक वाईट नव्हते. "प्रार्थना करतोय, सगळं पूर्वीसारखं होईल," असं म्हणायचे. एकाने बायबलमधल्या मलाखीच्या पुस्तकातल्या दुसऱ्या अध्यायातलं वचन ऐकवलं, की देवाला सूटपत्राचा, म्हणजे घटस्फोटाचा तिटकारा आहे. मी घरी येऊन तो अध्याय पुन्हा पुन्हा वाचला. त्याच्या दोनच वचनं आधी देव नवऱ्यांना सुनावतो, की तरुणपणी केलेल्या बायकोशी तुम्ही बेइमानी केलीत आणि त्याला मी साक्षी आहे. म्हणजे तिटकारा होता तो विश्वासघाताचा. हे मला कुणी सांगितलं नाही, आणि मीही कुणाला सांगितलं नाही. पोटातच ठेवलं.

लोणंदहून निघाल्यावर चांदोबाच्या लिंबापाशी उभं रिंगण झालं. दोन्हीकडे माणसांची भिंत आणि मधून माउलींचा अश्व धावत गेला. तो गेल्यावर बायका वाकून टापांखालची माती कपाळाला लावत होत्या. मी बाजूला उभी राहून पाहत होते. पण मला जे मिळालं ते तरडगावच्या मुक्कामी, समाजआरतीच्या वेळी.

मुक्कामाला पालखी टेकते तेव्हा दिंड्या भोवतीनं उभ्या राहतात. टाळांचा एवढा कल्लोळ की शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. मग चोपदार हातातला दंड उंच करतो आणि हाळी देतो. क्षणात सगळं थांबतं. हजारो माणसं, आणि चिडीचूप. पण ज्या दिंडीची काही तक्रार असेल ती टाळ थांबवत नाही. त्या दिवशी आमच्या डावीकडची एक दिंडी वाजवतच राहिली. मी मावशींना विचारलं, "यांना कळलं नाही का?" त्या म्हणाल्या, "कळलंय की. त्यांचं गाऱ्हाणं हाय. ते ऐकल्याबिगर आरती न्हाई व्हायची." चोपदार तिकडे गेले. काय बोलणं झालं ते आमच्यापर्यंत आलं नाही, पण टाळ थांबले. मग हरवलेल्या-सापडलेल्या वस्तू पुकारल्या, उद्या निघायची वेळ सांगितली आणि त्यानंतर आरती झाली.

मी तिथे उभ्या उभ्या रडले. सगळ्यांच्या देखत टाळ वाजवत ठेवणाऱ्या त्या माणसांना कुणी बेशिस्त म्हटलं नाही, तुमची भक्ती कमी पडते असंही म्हटलं नाही. वेदीपाशी अर्पण आणलंस आणि तुझ्या भावाच्या मनात तुझ्याविरुद्ध काही आहे असं आठवलं, तर अर्पण तिथेच ठेव आणि आधी त्याच्याकडे जा, असं आमचा प्रभू येशू मत्तयाच्या शुभवर्तमानात पाचव्या अध्यायात सांगतो. मी ते वचन कितीदा ऐकलं होतं. ते तसंच घडताना पाहिलं तरडगावच्या माळावर.

त्या रात्री तंबूत बायका झोपल्यावर मी देवापुढे माझे टाळ वाजवले. जे झालं ते नावानिशी, तारखांनिशी सांगितलं. बायबलमधल्या स्तोत्रांमध्ये दावीद राजाही देवाला "कोठवर?" असं विचारतोच. सगळं बोलून झाल्यावर ती ओळ म्हणून पाहिली. निघाली. पण सकाळी उठले तर राग पुन्हा होताच.

फलटणच्या वाटेवर माझ्या टाचेला फोड आला. दिवसभर दुसऱ्यांच्या पायांना मलमपट्टी करणारी मी, स्वतःचा पाय लपवून चालत होते. रात्री मावशी खोबरेल घेऊन समोर येऊन बसल्या. मी पाय ओढून घेतला. येशूचा शिष्य पेत्र यानेही त्याला असंच म्हटलं होतं, माझे पाय तू धुवायचे नाहीस. "आण गं हिकडं," म्हणत त्यांनी माझा पाय मांडीवर घेतला. तळव्यापासून घोट्यापर्यंत अंगठ्याने दाबत, फोडाची जागा सोडून त्या तेल जिरवत राहिल्या. कित्येक महिन्यांत मला कुणी मायेनं हात लावला नव्हता. "उद्याचं उद्या," मावशी म्हणाल्या, "आज पुढच्या विडणी गावाला जायचं नाव काढू नगंस."

तेव्हा माझ्या लक्षात आलं की भाकरीची ओळ आणि ऋणाची ओळ प्रार्थनेत एकीला एक लागून का आहेत. रानात इस्राएल लोकांना देवाकडून मान्ना नावाचं अन्न मिळायचं तेही त्या दिवसापुरतं; उद्यासाठी ठेवलं की त्यात किडे पडायचे. मी मात्र एकदाच कायमची क्षमा करून मोकळं व्हायचं म्हणून झटत होते आणि जमत नाही म्हणून स्वतःला अविश्वासू समजत होते. आजच्यापुरती क्षमा मला करता येते. उद्या पुन्हा मागावी लागते, भाकरीसारखीच.

बरडहून मी एसटीने साताऱ्याला परतले. मावशी पुढे गेल्या. नंतर आमच्या चर्चच्या पाळकसाहेबांना सगळं सांगितलं आणि महिला मंडळात एक गोष्ट सुरू करायची परवानगी मागितली. त्यांनी लगेच दिली नाही, विचार केला, मग दिली. आता आमच्या सभेत गीताच्या आधी जिचं काही गाऱ्हाणं असेल ती बोलते. एक विधवा जावेबद्दल बोलली. एक मुलगी, जिची केस अजून कोर्टात आहे, ती दोन सभा नुसती रडली. काही जणींना हे पटत नाही, सभेत घरच्या गोष्टी कशाला, असं त्या म्हणतात. त्याही येतात, आणि बोलणारीचं होईपर्यंत पेटीला कुणी हात लावत नाही.