दुनळीचा नवा दस्ता

घरातली बारा बोअरची, म्हणजे बारा क्रमांकाच्या काडतुसाची, दुनळी बंदूक वारसाहक्काने आणि रीतसर परवान्यानिशी माझ्याकडे आली, तेव्हा तिच्या नळ्या सरळ व आतून स्वच्छ होत्या आणि दोन्ही चाप नीट चालत होते. दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, मात्र मुठीपाशी तडकलेला असून गावच्या सुताराने पितळी पट्टी ठोकून तो कसाबसा सांधलेला होता. दस्ता बदलावा लागणार हे उघड होते. परंतु बंदूक नेमकी कोणती आणि कधीची हे कळल्याशिवाय नव्या लाकडाचा विचार करायचा नाही, असे मी ठरवले.

दोन नळ्यांमधल्या पट्टीवर ‘आर्मी अँड नेव्ही सी.एस.एल.’ अशी अक्षरे कोरलेली आहेत, आणि एवढ्या आधारावर आमच्या घरात ती ‘लष्करातली बंदूक’ म्हणून ओळखली जात असे. वास्तविक ही अक्षरे लंडनमध्ये १८७१ साली स्थापन झालेल्या एका सहकारी संस्थेची आहेत. तिने १८९१ मध्ये मुंबईत दुकान उघडले, आणि काळा घोडा भागातली तिची इमारत आजही उभी आहे. ही संस्था कपड्यांपासून तंबूपर्यंत सर्व काही विकत असे, पण बंदुका तिच्या स्वतःच्या कारखान्यात बनत नसत. बर्मिंगहॅमच्या कारखानदारांकडून, त्यातही वेब्ली अँड स्कॉटकडून, त्या तयार करून घेतल्या जात आणि त्यांवर दुकानाचे नाव घातले जाई. कलकत्त्याच्या मँटन किंवा रोडा या पेढ्यांच्या नावाने मिरवणाऱ्या अनेक बंदुकांचीही हीच कथा आहे, त्यामुळे पट्टीवरचे नाव वाचून लगेच किंमत सांगणाऱ्या जाणकारांवर माझा फारसा विश्वास नाही.

खरा पुरावा नळ्या सुट्या करून उलट्या धरल्यावर, मागच्या टोकाच्या सपाट भागावर सापडतो. तिथे मुकुटाखाली बीपी, बीव्ही आणि एनपी असे तीन ठसे आहेत. हे बर्मिंगहॅमच्या प्रूफ हाऊसने, म्हणजे नळ्यांची चाचणी करून ठसा मारणाऱ्या संस्थेने, १९०४ पासून वापरलेले ठसे असून, त्यांपैकी एनपी म्हणजे धूरविरहित दारूची चाचणी या नळ्यांनी पार केली असल्याची खूण होय. शेजारी हिऱ्याच्या आकाराच्या चौकटीत ‘१२’ आणि ‘सी’ आहे, पण काडतुसाच्या घराची लांबी लिहिलेली नाही. ती लिहिण्याचा नियम १९२५ मध्ये आला. म्हणजे बंदूक या दोन सालांच्या मधली ठरते. त्याच भागावर सुटा ‘१३’ हा आकडाही आहे, आणि तो पाहून ही बारा बोअरची नव्हेच असा निष्कर्ष काढणारे मला भेटले आहेत. वस्तुतः तो आकडा मागच्या टोकापासून नऊ इंचांवर मोजलेल्या नळीच्या आतल्या व्यासाचा, सुमारे ०.७१० इंचाचा आहे, आणि त्याचा काडतुसाच्या बोअरशी गोंधळ करू नये. आज मोजल्यावरही हे माप जवळजवळ तेवढेच भरले. नळ्या झिजलेल्या असत्या तर नव्या दस्त्यावर खर्च करण्यात अर्थ नव्हता.

दस्त्याचा अभ्यास मला अधिक रंजक वाटला, कारण लाकडावर ठसे नसतात. या बंदुकीची यंत्रणा अँसन आणि डीली यांच्या १८७५ च्या पद्धतीची असल्याने घोडे, म्हणजे काडतुसावर आघात घडवणारे भाग, आत दडलेले आहेत, आणि यंत्रणेच्या मागच्या भागाला जागा देण्यासाठी दस्त्याचे तोंड, म्हणजे यंत्रणेला भिडणारे टोक, आतून पोखरावे लागते. अशी बंदूक वर्षानुवर्षे नळ्या वर करून कोपऱ्यात उभी ठेवली की यंत्रणेतले तेल हळूहळू लाकडात उतरते, लाकूड काळे पडून मऊ होते, आणि प्रत्येक बाराचा धक्का तोंडावर सारखा न बसता एखाद्या कोपऱ्यावर बसू लागतो. आमचा दस्ता तडकण्याचे कारण हेच होते. (तेल दिल्यानंतर बंदूक काही काळ नळ्या खाली करून ठेवावी, ही जुनी सूचना त्यासाठीच आहे.)

मापे घेताना एक अनपेक्षित गोष्ट कळली. उजव्या खांद्यावरून नेम धरणाऱ्यासाठी दस्ता मागे किंचित उजवीकडे झुकवतात. हा डावीकडे झुकलेला होता. पावसाळ्यांनी लाकूड वाकले असेल असे प्रथम वाटले, पण यंत्रणेपासून मागे मुठीवर आलेली लोखंडी पट्टी, म्हणजे जीभही त्याच दिशेला बेताने वळवलेली दिसली, म्हणजे पहिला खरेदीदार डावखुरा असला पाहिजे. मी उजव्या खांद्याचा आहे. जीभ उलट दिशेला वळवणे कारागिराला धोक्याचे वाटले, म्हणून नवा दस्ता कोणत्याही बाजूला न झुकवता सरळ ठेवला, आणि पुढच्या चापापासून टोकापर्यंतचे अंतर माझ्या हाताप्रमाणे साडेचौदा इंच घेतले.

हे काम घरच्या घरी करता येत नाही, कारण १९५९ च्या शस्त्र अधिनियमाच्या कलम ५ नुसार बंदुकीच्या दुरुस्तीलाही परवाना लागतो; काम परवानाधारक कारागिरानेच केले आणि मी जमेल तेव्हा शेजारी बसून पाहिले. लाकूड काश्मीरच्या अक्रोडाचे घेतले. तिथे हे झाड १९६९ च्या कायद्याने संरक्षित असून परवानगीशिवाय तोडता येत नाही, त्यामुळे चांगला वाळलेला ठोकळा मिळायला वेळ लागतो. ठोकळ्यावरची नक्षी पाहून भुलण्यापेक्षा मुठीतून जाणारे तंतू सरळ लांबीने धावतात की नाही हे पाहावे, असे माझे मत आहे. यंत्रणेला काजळी फासून ती लाकडावर टेकवायची, काळा डाग उमटेल तेवढेच खरवडायचे, आणि सगळ्या पृष्ठभागावर सारखा डाग येईपर्यंत हेच करत राहायचे, हा या कामाचा सर्वांत कंटाळवाणा आणि सर्वांत महत्त्वाचा भाग.

चकचकीत वार्निशाला मी ठाम नकार दिला. जवसाच्या तेलात रतनजोत ही रंग देणारी मुळी भिजवून आलेला लालसर रंग बोटांनी चोळून मुरवला आहे. तेल पूर्ण वाळल्यावर मुठीवरचे चेकरिंग, म्हणजे पकड घट्ट बसावी म्हणून कोरलेल्या आडव्यातिडव्या रेषांचे काम, होईल. त्याच्या रेषा जुन्या दस्त्याइतक्याच, इंचाला बावीस, ठेवायच्या आहेत, आणि तोवर पितळी पट्टीसकट तो जुना दस्ता नमुना म्हणून कारागिराकडेच राहील.